चिमूटभर जागा

"अकरा जीबी उरलेत," वेनिंग म्हणाली. मग म्हणाली, "आता दहा."

पुर्वांतो सरांनी चष्मा वर सरकवला. योग्याकार्तातल्या या इस्पितळाचं संगणकखातं त्यांच्या हाताखाली होतं, पण या थंडगार खोलीत ते वर्षातून दोनदा यायचे, तेही पाहुण्यांना घेऊन. सोमवारी सकाळी सव्वानऊला ते इथे धावत आले, यातच सगळं आलं.

दोन सर्व्हर आणि त्यांच्यावर चाळीस व्हर्च्युअल मशीन. नोंदणी, औषधं, प्रयोगशाळा, रक्तपेढी. प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं, पण कोठार एकच, ते सामाईक स्टोरेज. ते भरलं की चाळीसच्या चाळीस जागच्या जागी गोठणार. वर शस्त्रक्रियागृहात एक बाळंतीण टेबलावर होती आणि तिच्यासाठी रक्ताच्या पिशव्या याच मशीनवरून जुळवत होते.

"नव्या डिस्क बसवल्यात ना? मग वाढव की जागा."

"बसवल्यात, सर. पण स्टोरेजला त्या आपल्यात घ्यायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर जागा वाढवता येत नाही. दर दोन मिनिटांना एक जीबी जातोय, म्हणजे आपल्या हातात वीसच मिनिटं आहेत."

एक गोष्ट मात्र तिने पोटात ठेवली. शुक्रवारी रक्तपेढीच्या मशीनवर नवी आवृत्ती चढवण्याआधी तिने त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची जशीच्या तशी नोंद, घेतला होता, काही बिघडलं तर मागे फिरता यावं म्हणून. काम झालं की तो काढून टाकायचा असतो. ती विसरली. शनिवार-रविवार नंतरचा प्रत्येक बदल साठवत तो गुपचूप फुगत राहिला, आणि आता काढायचा म्हटलं तरी त्यालाही जागाच लागणार.

सरांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हे काय? 'जिंपितान'. दोनशे जीबी. कुठल्या मशीनचं?"

"कुठल्याच मशीनला जोडलेलं दिसत नाही. बापाक मार्सुदींनी ठेवलंय."

"त्या म्हाताऱ्याची अडगळ. जाताना साफ करून जायला काय झालं होतं? पूस ते."

वेनिंगच्या आधी ही खोली सांभाळणाऱ्या मार्सुदींना निवृत्त होऊन चार महिने झाले होते; सगळे त्यांना बापाक, म्हणजे बाबा, म्हणत. वेनिंगचा हात पुढे गेला आणि अडकला. इथून पुसलेलं परत येत नाही. आत रक्तपेढीच्या जुन्या नोंदी निघाल्या तर? तिने हात मागे घेतला आणि फोन उचलला.

फोन त्यांच्या बायकोने घेतला. "पिंजऱ्यांपाशी आहेत बाई, कवड्यांना दाणे घालतायत. थांब हं, बोलावते."

पडद्यावर नऊ उरले.

"काय पोरी, खाल्लंस का काही?" मार्सुदींचा आवाज आला. घर जळत असलं तरी जावा बेटावरचा माणूस आधी हेच विचारणार.

"बापाक, जिंपितानमध्ये काय आहे?"

"किती उरलेत?"

"आठ."

"पूस. आत काही नाही."

"दोनशे जीबी, आणि आत काही नाही?"

"घराबाहेर तुम्ही जिंपितानची डबी टांगता ना? रोज चिमूटभर तांदूळ टाकता तिच्यात. कशाला? गल्लीत कुणावर वेळ आली तर हाताशी असावेत म्हणून. तशीच रिकामी जागा अडवून ठेवली मी. पूस आता."

तिने पुसलं. पडदा क्षणभर अडखळला. मग आठाचे दोनशे आठ झाले. वेनिंग खुर्चीत मागे टेकली, तेव्हा तिला कळलं की इतका वेळ ती खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"आता सांग," मार्सुदी म्हणाले, "स्नॅपशॉट कुणाचा राहिला?"

सर बाजूलाच उभे होते.

"माझा, शुक्रवारचा," वेनिंग म्हणाली.

"हं. मीही विसरलो होतो एकदा. तेव्हा ही फाइल नव्हती."

"मग काय झालं, बापाक?"

फोनमध्ये कवडे घुमत होते. "आधी जागा वाढव," ते म्हणाले. "दोन्ही सर्व्हरना नवी जागा दिसतेय का, नीट बघ. एकालाच दिसली तर घोळ होईल. आणि काहीतरी खाऊन घे." त्यांनी फोन ठेवला.

दहाला पाच कमी असताना डिस्क आत घेतल्या गेल्या. तिने जागा वाढवली, दोन्ही सर्व्हरना पुन्हा बघायला लावलं आणि दोघांचे आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. मग स्नॅपशॉट काढून टाकला. रक्तपेढीला फोन केला, तर कुणीतरी घाईत म्हणालं, पिशव्या मघाशीच वर गेल्या, बाळंतीण ठीक आहे.

सर खुलले. "म्हणजे जागा होती तर! आणि हा माणूस सहा वर्षं 'जागा नाही, जागा नाही' म्हणून माझ्याकडे अर्ज करत होता. स्वतःच दाबून बसला होता. अहवालात तेवढंच लिही. तुझं ते शुक्रवारचं राहू दे, सांभाळून घेऊ."

वेनिंगने अहवाल उघडला. 'शुक्रवारी घेतलेला स्नॅपशॉट काढून टाकायला मी विसरले,' असं लिहिलं आणि खाली नाव घातलं. मग नव्या जागेत दोनशे जीबीची एक रिकामी फाइल केली आणि तिला जुनंच नाव दिलं.

"हे काय आता?" सर म्हणाले. "मिळाली नाही तोच अडवायला लागलीस? कुणासाठी?"

"माझ्यानंतर जो विसरेल त्याच्यासाठी, सर."