नळी पुरेल तिथवर

स्त्रातिसची फुप्फुसं थकली, तेव्हा डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं यंत्र बसवलं. दिवसभर नाकात नळी. ती पुरायची अंगणाच्या फाटकापर्यंत आणि गावाचा कॉफीखाना होता रस्त्यापलीकडे. तिथं दोस्तांचे फासे खुळखुळायचे, इथं हा फाटक धरून हिरमुसला उभा.

एका सकाळी दोस्तांनी टेबलं उचलली, रस्ता ओलांडला आणि ती त्याच्याच अंगणातल्या अंजिराखाली मांडली.

"सिगारेटी फाटकाबाहेर ठेवा," त्याची बायको मिर्सिनी दारातून म्हणाली. "एक ठिणगी उडाली तर सगळे एकदमच वर जाल, आणि तिथं तुम्हाला कुणी आत घ्यायचं नाही."

सगळ्यांनी निमूट खिसे रिकामे केले.

"वहिनी, आता कॉफी तेवढी टाका," दोस्तांपैकी लेफ्तेरिस म्हणाला.

मिर्सिनी जन्मात कॉफीखान्याची पायरी चढली नव्हती. तिथं बायकांनी बसायची रीतच नव्हती. तिनं हात पुसले आणि नवऱ्यासमोरची खुर्ची ओढली.

"तुम्हीच टाका, भाऊजी. मी कॉफीखान्यात गेले नाही, तो माझ्या अंगणात आलाय." मग तिनं फासे उचलले. "रोज बाहेर हरून यायचास ना, स्त्रातिस? आज घरीच हर."