एकशे एकनं भाग

"दहा लाख एक ही मूळ संख्या आहे," परशराम सर म्हणाले. "एक आणि ती स्वतः, बाकी कशानंही तिला भाग जात नाही. बरोबर?"

"नाही सर. जातो," सुविधा म्हणाली.

टिळकवाडीतल्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची एक जागा होती. मुलाखतीला टेबलापलीकडं तिघं बसले होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव आणि विषयातले जाणकार म्हणून बोलावलेले परशराम सर.

"कशानं जातो?"

"एकशे एकनं."

सरांनी तिच्या अर्जाची पानं उलटली. जातीच्या दाखल्यावर हात थांबला आणि ते हसले. "दोन, तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी भागून बघितलंय. चाळीस वर्षं शिकवलंय मी. कोट्यातनं आलेल्यांचं पाठांतर चांगलं असतं. समज वेगळी लागते."

सुविधा उठली आणि कुणाला न विचारता फळ्याशी गेली. पहिल्याच आकड्याला खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं नऊ हजार नऊशे एक लिहिले, खाली एकशे एक. गुणाकार दोन ओळींत संपला. बेरीज आली दहा लाख एक.

"ही संयुक्त संख्या आहे. हिचे मूळ अवयव दोनच, आणि दोन्ही मोठे. तेरापाशी थांबलं की सापडत न्हाईत." इतका वेळ जपून बोललेली भाषा सुटली होती. तिनं ती सावरली नाही. "सहावीच्या पोरांना हे येतंय, सर."

सचिवांनी मोबाइलवर आकडे दाबून पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवला. मुख्याध्यापिका टेबलाच्या काचेकडं बघत राहिल्या.

"प्रश्न संख्येचा नाही," परशराम सर म्हणाले. "मोठ्या माणसांशी कसं बोलतात, ते आम्ही बघतो. कळवू तुम्हाला. जाताना फळा पुसा."

"चुकलं असतं तर पुसलं असतं," सुविधा म्हणाली आणि फाइल उचलून बाहेर आली.

व्हरांड्यातल्या बाकावर पुढची उमेदवार होती, काकतीची सौम्या. सकाळपासून दोघी शेजारी बसून होत्या.

"काय विचारलं, आक्का?"

"दहा लाख एक मूळ हाय का म्हणून विचारतील. न्हाय. एकशे एकनं भाग जातोय."

सौम्यानं ओठ हलवत भागाकार केला. शून्य उरल्यावर तिचा चेहरा फुलला. "व्हय की गं."

तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं. ती दारापर्यंत गेली, थबकली आणि माघारी येऊन सुविधाच्या कानाशी वाकली.

"पर आक्का, त्यास्नी कुठलं उत्तर पायजे?"