आतून कडी

नाटक बाहेर हॉलमध्ये रंगात आलं होतं आणि बाबा आत बेडरूममध्ये घामाघूम होऊन बसले होते. दिवा बंद. पंखा किरकिरतो म्हणून तोही बंद. ऐनवेळी ढास लागू नये म्हणून गालात खोकल्याची गोळी.

घर त्यांचंच होतं. लेकीच्या नाटकमंडळीला कुठल्याच नाट्यगृहाची तारीख मिळेना, तेव्हा "आपल्या हॉलमध्ये करा की," असं तेच बोलून गेले होते. घरातलं नाटक खऱ्याखुऱ्या घरातच करायचं, ही कल्पना दिग्दर्शकाला इतकी आवडली की दोन दिवसांत ती त्याचीच झाली. प्रयोगाच्या वेळी बाबा शेजारी जाऊन बसत. आज शेजारी कुलूप होतं.

"मग आत बसा काका," दिग्दर्शक म्हणाला होता. "आतून कडी लावून घ्या. काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही. आज महोत्सवाच्या निवडीसाठी बाई आल्यात."

"नाही उघडत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तासभर बाबांनी शब्द पाळला. मग त्यांच्याच दारावर थाप पडली.

"बाबा, दार उघडा."

लेकीचा आवाज. बाबा ताडकन उठले आणि पुन्हा बसले. नाटकातली मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी येते, तिचा नाटकातला बाप रुसून खोलीत बसलेला असतो, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. ती खोली म्हणजे हीच, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, मी आलेय. एकदा बघा तरी माझ्याकडे."

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

आणखी थापा पडल्या. मग रडणं सुरू झालं. आधी नुसती मुसमुस, मग हुंदके. दाराला पाठ टेकून ती खाली घसरत गेली, तसं लाकूड करकरलं. हॉलमध्ये गाद्यांवर आणि उसन्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांत कुणीतरी नाक ओढलं. निवडीच्या बाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दिग्दर्शक दिव्याच्या बटणावर बोट ठेवून भिंतीला चिकटून उभा होता. आता एक शेवटचा हुंदका, की अंधार. दार उघडत नाही, हाच त्याच्या नाटकाचा शेवट होता.

आतली कडी सरकल्याचा आवाज झाला.

दार आतल्या बाजूला उघडलं आणि त्याला टेकून बसलेली लेक सरळ उताणी बाबांच्या पायांवर पडली.

"अगं अगं अगं!"

बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, हातात पाण्याचा ग्लास. त्यातलं निम्मं पाणी लेकीच्या केसांवर सांडलं होतं.

"लागलं का गं? ऊठ बघू. ऊठ ठमे. पाणी पी आधी."

हॉलमध्ये कुणी हलेना. लेक खालून बाबांकडे बघत राहिली. तिच्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं, कारण नाटकात पुढे काही नव्हतंच. ती उठून बसली. दोन्ही हातांनी ग्लास धरून घटाघटा पाणी प्यायली. तेवढ्यात बाबांचं लक्ष समोरच्या माणसांकडे गेलं.

"बसा, बसा," ते संकोचून म्हणाले. सगळे बसलेलेच होते. मग ते लेकीकडे वाकले. हळू विचारायचं होतं त्यांना, पण घरभर ऐकू गेलं. "संपलं का? का अजून आहे?"

"संपलं, बाबा," नाक पुसत ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

दिग्दर्शकाचं बोट कसं कोण जाणे, बटणावर दाबलं गेलं.

अंधारात टाळ्या सुरू झाल्या. दिवा लागला तरी चालूच होत्या. बाबा तोवर सदरा शोधायला आत पळाले होते.

जाताना निवडीच्या बाई दारात चपला घालता घालता थांबल्या. "त्या काकांना दारामागे ठेवायचं काय सुरेख सुचलं तुम्हाला," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. दिग्दर्शकानं आधी मान हलवून हो म्हटलं, मग नाही म्हटलं, मग नुसताच नमस्कार केला. "महोत्सवात त्यांना घेऊनच या," असं सांगून बाई जिना उतरल्या.

सगळे पांगले. लेक टॉवेलनं केस पुसत होती. दिग्दर्शक खुर्च्या दुमडत होता. एक दुमडून झाल्यावर त्याला राहवेना.

"काका, तुम्ही माझ्या शेवटाची पार वाट लावलीत."

"अहो, ती रडत होती."

"नाटक होतं ते, काका! खोटं रडणं!"

"मला सांगता?" बाबा म्हणाले. सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी चुकीच्या काजात घातली होती. "जन्मल्यापासून ऐकतोय मी हिला. खरी रडते तेव्हा हिचा आवाजच फुटत नाही. खोटंच होतं ते."

केस पुसता पुसता लेकीचा हात थांबला.

"पण म्हणून काय," बाबा म्हणाले, "दार उघडायचं नाही?"