एक नकार हवा होता

"हो, जाऊ या," मुख्य इंजिनिअर म्हणाला आणि खुर्चीवर न टेकताच निघून गेला.

कप्तानाने यादीत त्याच्या नावापुढे खूण केली. आतून तो पार खचला होता. सकाळपासून एकेकाला केबिनमध्ये बोलावून तो एकच प्रश्न विचारत होता आणि जो येई तो शहाण्यासारखा हो म्हणून जाई.

कित्येक आठवडे जहाज सामुद्रधुनीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. पुढच्या चिंचोळ्या पाण्यात दोन देशांची लढाई जुंपली होती. मागच्याच आठवड्यात तिथे एक तेलवाहू जहाज पेटलं. विमा कंपनीने हात वर केले होते आणि विम्याशिवाय मालक जहाज हलवायला तयार नव्हता. आज एकाएकी विमा मिळाला. अट एवढीच, की पुढे यायची तयारी आहे का, हे प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारायचं. एकानेही नकार दिला तर विमा रद्द, जहाज माघारी.

माघारी! कप्तानाला तेच तर हवं होतं. घरी लेकीचे दिवस भरत आले होते आणि त्याचा जीव या पाण्याला विटला होता. पण आपण स्वतः नाही म्हणायचं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पुन्हा कुणी जहाज हाती दिलं नसतं. म्हणून मालकाचा फोन आला तेव्हा तो छातीठोकपणे म्हणाला, "माझी तयारी आहे."

नकाराची त्याला काळजी नव्हती. आचारी होता ना! जहाजावर सगळे त्याला किरकिऱ्या म्हणत. कांदा चिरताना, भांडी घासताना त्याचं एकच पालुपद, मला घरी सोडा. तो नाही म्हणाला की सुंठीवाचून खोकला गेला.

आचारी सगळ्यांत शेवटी आला. ओले हात ॲप्रनला पुसत दारातच उभा राहिला.

"मोकळेपणाने सांग," कप्तान म्हणाला. "नाही म्हणालास तरी कुणी रागावणार नाही. मी तर नाहीच नाही."

"येतो मी, साहेब."

कप्तान ताडकन उठला. "अरे, रोज घरी जायचं म्हणून रडतोस ना? आता भीती कुठे गेली?"

"भीती आहेच की. सगळ्यांनाच आहे. इंजिनिअरसाहेबांच्या तर घशाखाली घास उतरत नाही. सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं, असं ठरलंही होतं आमचं." आचारी ओशाळवाणं हसला. "पण मग कळलं, तुम्ही मालकांना सगळ्यांच्या आधी हो म्हणालात. म्हटलं, एवढा जुना दर्यावर्दी निघालाय, म्हणजे धोका नसल्याचं त्याला पक्कं ठाऊक असणार. तुमच्याच भरवशावर तर निघालोय सगळे."