एका बाहीचे स्वेटर

पोटातल्या बाळाचा स्वेटर आमच्या घरात पुरा करत नाहीत. एक बाही बाकी ठेवायची आणि ती बारशाला विणायची, ही सासूबाईंची रीत. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे, प्रगतीताईंचे, असे तीन स्वेटर राहिले. तिन्ही वेळा बारसं झालंच नाही.

दोन हजार तीन साली त्यांना पुन्हा दिवस गेले. शिरूरच्या बाजारातून त्या पिवळी लोकर घेऊन आल्या.

"ताई, आधीचे उसवून तीच लोकर वापरा की," मी म्हणाले.

"उसवायचे न्हाईत ते. पर मापाला एक काढ ट्रंकेतनं."

ट्रंक तीन वर्षं बंद होती. वरचा हिरवा स्वेटर मी उचलला. वीतभर विणलेला मला आठवत होता. आता तो तीन वर्षांच्या पोराला झाला असता. त्याखालचा लाल आणखी मोठा होता.

तळातला निळा ताईंनी माझा माऊली पोटात होता त्याच वर्षी विणायला घेतलेला. माऊली आता दुसरीत होता आणि स्वेटर त्याच्याच अंगाचा होता.

"ताई, हे तुम्ही नंतर विणलं व्हय?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सुया टाक्यांतच गंजून बसल्या होत्या.

त्यांनी निळा स्वेटर मांडीवर घेतला. त्याची एकुलती बाही कोपरात झिजून विरली होती. त्यावरून बोट फिरवत त्यांनी पिवळी लोकर बाजूला सारली.

"सात हिवाळे," त्या म्हणाल्या, "दुसरा हात उघडाच गं त्याचा."