पवित्र गुरुवारचे पाय

“राजवाड्याची धुणी धुतेस ना? मग उद्यासाठी बापाचे पायही घासून ठेव, नाहीतर कामाला मुकशील,” कारभाऱ्याने बजावलं. तान्हुलीच्या तापापायी धोबीण रेझीने ते कानाआड केलं. पवित्र गुरुवारी राजा बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुतो, येशूने शिष्यांचे धुतले तसे; यंदा त्या बारांत रेझीचा बापही होता. दुसऱ्या दिवशी राजासमोर रेझीने बापाचा मोजा काढला, तर पाय मळाने काळाकुट्ट. कारभाऱ्याचा चेहरा उतरला. राजाने गुडघे टेकून तो पाय धुतला, तशी चिघळलेली जखम दिसली. “बाबा, लेकीला सांगितलं नाहीत?” “तिची पोर आजारी, महाराज. तिला आणखी कशाला घोर?” राजा पाय हातात धरून बसला. मग कारभाऱ्याला म्हणाला, “इतकी वर्षं माझ्यासमोर धुतलेलेच पाय आणलेत. येशूला असे मळलेले मिळाले होते. त्याने प्रेम केलं, मी नुसतं पाणी ओतलं.” रेझीचं काम टिकलं. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांचे पाय एकदा बघून घ्या.