गोवंडीला ठरलं

गाडी थांबली. पुढे रूळ नाहीत. मिठागरं, मग चिखल, मग खाडी. शेवटचं स्टेशन, इथे सगळ्यांना उतरावंच लागतं.

चौघं उतरली नाहीत.

स्टेशनमास्तर विद्याधर टोपी सारखी करत त्या डब्याशी गेले. फलाटाला लागूनच त्यांचं क्वार्टर. दाराच्या फटीतून पद्मजा बघत होती. मुलीने आपणहून पाहुण्यांसमोर यायचं नसतं. अंगावर आईचं जांभळं पातळ, हातात आत्याने दिलेल्या पाटल्या.

पत्रिका जुळली आहे, मुलाची आई नारळ आणि खण घेऊनच निघणार, मुलगी बघायची ती नावाला, तिथेच ओटी भरतील. असं सुहासिनी आत्यानेच कळवलं होतं. पाहुण्यांना दादरहून घेऊन येते म्हणाली होती. घेऊन आली होती.

खिडकीशी आत्या. शेजारी तिची मुलगी मृणालिनी. समोर मुलगा, नंदकिशोर, आणि त्याची आई.

"या, या. उतरा," विद्याधर म्हणाले. "सुहास, अगं उतर ना. शिरा गार होतोय."

"दादा, जरा असा जवळ ये."

ते जवळ गेले.

मृणालिनीच्या पदरात नारळ होता. नारळाखाली हिरवा खण. कपाळाला ताजं कुंकू.

दाराची फट रुंदावली.

"हे काय?"

"योग रे, दुसरं काय! हिला आपली सोबतीला आणली. कुर्ल्याला गाडी बदलली, समोरासमोर बसलो. चेंबूरला यांनी विचारलं, हिचं कुठे बघताय का. मी काय खोटं बोलू? गोवंडीला ठरलं."

"गोवंडीला."

"गाडी उभी आहे तोवर कुंकू लावून घ्या म्हटलं. तरी मेली हललीच. बघ, नाकावर सांडलं. चांगलं असतं म्हणे."

विद्याधर बघत राहिले. नाकाकडे. मग खणाकडे. मग पुन्हा नाकाकडे.

"गैरसमज नको हं, मास्तर," मुलाची आई म्हणाली. देवनारच्या कचऱ्याकडून वारा सुटला होता. तिने पदर नाकाला लावलेला. "एकीची ओटी भरल्यावर दुसरी बघायला उतरणं बरं दिसत नाही. तुमच्याच मुलीचा अपमान. म्हणून आपलं बसूनच राहिलो. याच गाडीने परत."

"हो," विद्याधर म्हणाले. "बरोबर आहे."

नंदकिशोर पलीकडच्या खिडकीतून मिठागरं बघत होता. "मीठ इथेच तयार होतं का?" त्याने विचारलं.

"आणि तोंड काय पाडतोस रे?" आत्या. "मामा ना तू हिचा?"

मोटरमन दत्ताराम आपलं हँडल घेऊन या टोकाकडून त्या टोकाला निघाला होता. गाडी आता उलटी जाणार. चालता चालता त्याला खिडकीतून नारळ दिसला, आणि मास्तरांचा चेहरा दिसायच्या आत तो ओरडला, "मास्तरानू, ओटी भरली मां! पेढे खंय?"

विद्याधर हसले. दात दिसेपर्यंत हसले. मग वळून सिग्नलच्या खोलीत गेले.

"पद्मे!" आत्याने हाक मारली. "ये गं बाहेर. आता तुला यायला हरकत नाही."

पद्मजा आली. फलाट रिकामा होता, तरी कडेकडेने आली. मृणालिनीने वर पाहिलं आणि नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"रागावलीस?" आत्या म्हणाली. "रागावू नको बाई. तुला काय, अजून छप्पन्न येतील. पाटल्या तेवढ्या काढून दे. आता हिला लागतील."

डावीकडची निघाली. उजवीकडची अंगठ्याच्या सांध्यावर अडकली. पद्मजाने ती ओढून काढली. कातडं सोललं गेलं. दोन्ही खिडकीतून आत धरल्या. मृणालिनीचे हात मोकळे नव्हते. आत्या पिशवी शोधत होती.

नंदकिशोरने हात पुढे करून घेतल्या. तेव्हा पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं.

"थँक्यू," तो म्हणाला.

गाडी सुटेना.

दत्तारामने शिट्टी दिली. थोड्या वेळाने आणखी एकदा, लांब.

"दादा, सिग्नल दे ना रे!" आत्या खिडकीतून ओरडली. "यांना उशीर होतोय!"

पद्मजा सिग्नलच्या खोलीत गेली. विद्याधर लिव्हरपुढे उभे होते. दोन्ही हात मुठीवर. टोपी खाली पडलेली.

"बाबा."

"ओढतोय गं."

ओढत नव्हते.

"अडकलाय," ते म्हणाले. "मघापासून हलतच नाही."

गाडी आत घेताना याच खोलीत लिव्हर कुरकुर न करता हलले होते. क्वार्टरमध्ये सगळं ऐकू येतं. तिने टोपी उचलून टेबलावर ठेवली. त्यांच्या शेजारी उभी राहिली. त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं.

फलाटाच्या कडेने सिग्नलची तार खरखरत गेली.

"पडला गं बाई एकदाचा," बाहेर आत्या म्हणाली.